'फिस्ट २' खेळून हिरमोड का होतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐंशीच्या दशकातल्या होम कॉम्प्युटरवरच्या गेमची गोडी लागलेला माणूस कधी ना कधी 'द वे ऑफ द एक्सप्लोडिंग फिस्ट'पाशी पोहोचतो. तो आवडला की दुसरा भाग शोधतो, आणि अर्ध्या तासात गोंधळून विचारतो, हे काय झालं? असे प्रश्न मला इतक्यांदा आले आहेत की सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून काढली. पहिला भाग माझा जीव की प्राण आहे, त्यामुळे दुसऱ्याबद्दल लिहिताना थोडं दुखतं. पण जे आहे ते आहे.

'फिस्ट' म्हणजे नेमका कोणता गेम?

'द वे ऑफ द एक्सप्लोडिंग फिस्ट', साल १९८५. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरातल्या बीम सॉफ्टवेअर या कंपनीने तो बनवला आणि 'मेलबर्न हाउस' या प्रकाशकातर्फे तो बाजारात आला. गेमचा कर्ता ग्रेग बार्नेट. आधी कमोडोर ६४ वर आला, मग झेडएक्स स्पेक्ट्रम, ॲमस्ट्रॅड सीपीसी, बीबीसी मायक्रो अशा त्या काळच्या बहुतेक घरगुती मशिनांवर पोहोचला. ब्रिटनमध्ये तर त्याने धुमाकूळ घातला. गोल्डन जॉयस्टिक पुरस्कारांमध्ये १९८५ सालचा सर्वोत्कृष्ट गेम तोच ठरला.

आणि दुसरा भाग?

'फिस्ट २: द लेजंड कंटिन्यूज', १९८६. बनवणारे तेच, नाव तेच, लढवय्याही तसाच पांढऱ्या पोशाखातला. खेळ मात्र वेगळाच.

पहिल्या भागात एवढं काय होतं? आज बघितलं तर दोन माणसं आणि एक चित्र, एवढंच दिसतं.

हो, दिसतं तेवढंच. दोन कराटेपटू समोरासमोर, मागे डोंगर-देवळाचं शांत चित्र, आणि पाठीमागे बसून लढत पाहणारा पंच. सगळी गंमत तुमच्या हातातल्या जॉयस्टिकमध्ये आहे.

त्या काळच्या जॉयस्टिकला आठ दिशा आणि एकच बटण. बटण न दाबता आठ चाली, बटण दाबून आणखी आठ. उडी, उंच ठोसा, खाली बसणं, उडती लाथ, पाय झाडून समोरच्याला पाडणं, गिरकी घेऊन मारलेली लाथ, हे सगळं या सोळा जागांमध्ये बसवलेलं आहे. बसवलंही असं, की हाताला ते लगेच पटतं. उंच मारायचं तर काठी वरच्या बाजूला, पायावर मारायचं तर खालच्या बाजूला. दहा मिनिटांत माहितीपुस्तिका बाजूला ठेवता येते.

आणि प्रत्येक चालीला वेळ लागतो. लाथ उचलली की ती पूर्ण होऊन पाय जमिनीवर टेकेपर्यंत तुम्ही बांधलेले. गिरकीची लाथ जबरदस्त, पण तिची सुरुवात समोरच्याला दिसते. जवळचा ठोसा चटकन बसतो, पण त्यासाठी अंगावर जावं लागतं. म्हणून नुसतं बटण बडवून इथे भागत नाही. अंतर मोजावं लागतं, वाट पाहावी लागते. कुस्तीत दोन पैलवान हात अडकवून नुसते फिरत असतात आणि नवख्याला वाटतं काही घडतच नाहीये, तसं इथेही. खरी लढत त्या फिरण्यातच चाललेली असते.

अर्ध्या गुणाची भानगड काय आहे?

ही भानगड नाही, पहिल्या भागाचा आत्मा आहे. इथे शक्ती दाखवणारी पट्टी नाही. फटका नीट, योग्य अंतरावरून बसला तर पूर्ण गुण. बसला, पण जेमतेम, तर अर्धा. गुण यिन-यांगच्या गोल चिन्हाने दाखवतात, अर्ध्या गुणाला अर्धं चिन्ह. दोन पूर्ण गुण ज्याचे आधी होतील तो जिंकला. जिंकत गेलात की नवशिक्याच्या पायरीवरून एकेक दान (कराटेतली श्रेणी) वर चढत जाता.

मी आणि माझा भाऊ आजही खेळतो. मागच्या वेळी त्याचे दीड, माझा एक. तो मागे सरकला, मी पुढे गेलो, त्याने पाय झाडला, मी उडी मारली आणि खाली येता येता लाथ घातली. लागली, पण कडेवर. अर्धा गुण. दीड-दीड. मग दोघंही काही क्षण हललोच नाही. पुढचा अर्धासुद्धा ज्याला मिळेल तो जिंकणार, हे दोघांना ठाऊक होतं. खोलीत कुणी बोलत नव्हतं. तो उतावीळ होऊन गिरकीच्या लाथेला गेला आणि मी खाली बसून ठोसा मारला. चाळीस वर्षांपूर्वीचा गेम अजून असा श्वास रोखायला लावतो, याचं श्रेय त्या अर्ध्या गुणाला.

पण ही कल्पना तर 'कराटे चॅम्प'ची होती ना?

मूळ कल्पना, हो. डेटा ईस्टचा 'कराटे चॅम्प' १९८४ साली आर्केडमध्ये आला. पंच, पूर्ण आणि अर्धा गुण, समोरासमोरची लढत, सगळं त्यात होतं. पण तिथे प्रत्येक खेळाडूला दोन-दोन जॉयस्टिक वापरावे लागायचे. बार्नेट यांनी ते सगळं एका काठीत आणि एका बटणात आणलं. घरगुती मशीनसाठी हाच खरा शोध होता.

जाता जाता, नकलेचा असा वाद खरोखर कोर्टात गेला होता, पण 'फिस्ट'वरून नव्हे. सिस्टीम ३ या कंपनीचा 'इंटरनॅशनल कराटे' हा तसाच गेम अमेरिकेत एपिक्स या कंपनीने 'वर्ल्ड कराटे चॅम्पियनशिप' या नावाने विकला, आणि डेटा ईस्टने एपिक्सवर दावा ठोकला. खालच्या कोर्टात डेटा ईस्ट जिंकली, पण १९८८ मध्ये अपील कोर्टाने निकाल फिरवला. सारखेपणा दिसतो तो कराटे या खेळातूनच आलेला आहे, असं कोर्टाने धरलं. हे गेम घेणाऱ्यांचं सरासरी वय साडेसतरा धरलं होतं, म्हणून साडेसतरा वर्षांच्या चोखंदळ मुलाला हे दोन गेम सारखे वाटणार नाहीत, असं निकालपत्रात नोंदवलं आहे. मला ते वाक्य फार आवडतं. त्या वयाच्या मुलाची नजर किती बारीक असते, हे कुणीतरी गंभीरपणे मान्य केलं.

'फिस्ट २' मध्ये करायचं काय असतं?

गोष्ट अशी की देशावर एका दुष्ट सरदाराची सत्ता आहे आणि त्याचा गड ज्वालामुखीत आहे. तुम्ही एकटे लढवय्ये. जंगलं, कडे, गुहा पालथ्या घालत फिरायचं, त्रिरेषाचिन्हं (तीन आडव्या रेषांची जुनी चिनी चिन्हं) शोधायची, ती मंदिरांत न्यायची, त्यातून बळ मिळवायचं आणि शेवटी सरदाराशी भिडायचं. वाटेत निंजा आणि पहारेकरी आडवे येतात, त्यांच्याशी लढायचं. गुण नाहीत. तुमची एक शक्तीची पट्टी, समोरच्याची एक.

कागदावर वाचलं की वाटतं, वा! पहिल्या गेमची लढाई आणि वर एक अख्खी दुनिया. मलाही असंच वाटलं होतं.

मग बिघडलं कुठे?

यावर मी बराच विचार केला आहे. ग्राफिक्स वाईट म्हणून बिघडलं असं नाही. चालण्या-चढण्याचं ॲनिमेशन चांगलंच आहे. आळस केला असंही नाही. उलट, तोच गेम नवी चित्रं लावून पुन्हा विकला असता तर लोकांनी डोळे मिटून घेतला असता. बीमने ते केलं नाही, हे त्यांच्या बाजूने लिहिलंच पाहिजे.

बिघडलं ते लढाईचा अर्थ बदलल्यामुळे.

पहिल्या भागात समोरचा हाच सगळा गेम असतो. तुम्ही पुढे गेलात की तो मागे सरतो. 'पुढे' या शब्दालाच त्याच्यामुळे अर्थ येतो. त्या सोळा चाली समोर कोणीतरी उभा आहे हे धरूनच रचलेल्या. 'फिस्ट २' मध्ये तोच माणूस, जवळपास त्याच चाली घेऊन, बराचसा वेळ रिकाम्या जंगलात चालत असतो. समोर कुणी नाही. अंतर मोजायचं कुणापासून? एका काठीत आणि एका बटणात आधीच सोळा चाली कोंबलेल्या, त्यात आता चढणं-उतरणंही सांभाळायचं. लढाईत शहाणा वाटणारा तो हात फिरताना जड वाटू लागतो.

पहिली पाच मिनिटं कशी जातात ते सांगतो. लोड झाल्यावर तुम्ही चालायला लागता. झाडी सरकत राहते, छान दिसते. चालता, चालता. एक निंजा येतो. तुम्ही सावरून उभे राहता, अंतर घेता, पहिल्या भागातली सवय जागी होते, अंगात थोडा उत्साह येतो. दोन लाथा बसतात, त्याची पट्टी थोडी कमी होते. आणखी एक. आणखी एक. त्याचे काही फटके तुम्हाला बसतात. शेवटी तो पडतो. पंच नाही, गुण नाही, दान वाढला नाही. तुमची पट्टी मात्र आधीपेक्षा लहान झालेली. पुन्हा चालणं सुरू.

इथेच दुखतं. पहिल्या भागात प्रत्येक नीट बसलेला फटका ही कमाई होती. दुसऱ्यात प्रत्येक लढत हा खर्च आहे. जिंकलात तरी काहीतरी गमावूनच पुढे जाता, आणि मग शहाणपण यातच की लढत टाळावी. लढाईवरच उभा असलेला गेम लढाई टाळायला शिकवतो, तेव्हा त्याचं नाव 'फिस्ट' राहून काय उपयोग?

पट्टीमुळे आणखी एक गोष्ट गेली. अर्धा आणि पूर्ण यातला फरक. कडेवर लागलेली लाथ आणि नेमकी बसलेली लाथ पहिल्या भागात पंचाला दिसायची, सगळ्यांना दिसायची. पट्टीत ते सगळं विरघळून जातं. चार फटके काय, सहा काय, पट्टी संपली की माणूस पडतो. नेमकेपणाचं कौतुक करणारं कुणी उरतच नाही.

बीमने असं का केलं असेल?

माझं मत सांगतो. १९८५-८६ च्या सुमारास मोठ्या नकाशाच्या साहसी खेळांची हवा होती. खेळणारा मुलगा पैसे जमवून एक कॅसेट घ्यायचा आणि ती महिनोन्महिने पुरावी अशी त्याची अपेक्षा असायची. 'किती मोठा आहे' हा प्रश्न 'कसा आहे' याच्या आधी यायचा. शिवाय बीमला साहसी खेळ नवे नव्हते. १९८२ चा 'द हॉबिट' हा शब्द टाइप करून खेळायचा गाजलेला गेम त्यांचाच. एका हाताशी साहस, दुसऱ्या हाताशी कराटे, दोन्ही एकत्र करावंसं वाटणं अगदी स्वाभाविक होतं.

दोघांना मिळून खेळता येतो का?

साहसाचा मुख्य खेळ एकट्याचाच आहे. माझ्यासाठी तर इथेच निम्मा गेम संपला. शेजारी बसून खांद्याला खांदा लावून हरवण्याची गंमत गेली.

काहीच चांगलं नाही का त्यात?

आहे. कमोडोर ६४ वरचं संगीत जरूर ऐका. पहिल्या भागाप्रमाणेच तेही नील ब्रेनन यांचं. पहिल्या भागाची धून चीनमधल्या याओ लोकांच्या नृत्यसंगीतावर बेतलेल्या एका चिनी वाद्यवृंद रचनेवरून घेतली होती. कराटे जपानचं आणि सूर चीनचे, पण कमोडोरच्या त्या छोट्याशा सिड या आवाजाच्या चिपमधून ते इतके गोड वाजतात की तक्रार करावीशी वाटत नाही. दुसऱ्या भागाचं संगीत जास्त संथ, गूढ आहे. गेम न खेळता, रात्री दिवा मालवून नुसतं ऐकलं तर आपल्याला हवा होता तो 'फिस्ट २' त्या सुरांत सापडतो. गूढ जंगल, दूरवरचं मंदिर, एकटा माणूस, सगळं.

वातावरणही जमलं आहे. जंगलातून चालताना एकटेपणा खरोखर जाणवतो. लढाई नसती आणि नुसता भटकण्याचा गेम असता, तर कदाचित मी त्याच्याबद्दल वेगळं लिहिलं असतं.

कमोडोरवर खेळू की स्पेक्ट्रमवर?

कमोडोर. स्पेक्ट्रमवर आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात दोनच रंग बसतात, आणि ४८के मशीनला आवाज फक्त एका बीपरचा. 'फिस्ट २' चा निम्मा जीव आवाजात आहे, तो तिथे मिळणार नाही.

त्याच काळात दुसऱ्यांनी दुसरा भाग कसा काढला?

दोन उदाहरणं सांगतो.

आर्चर मॅक्लीन यांनी 'इंटरनॅशनल कराटे'नंतर १९८७ मध्ये 'आयके प्लस' आणला. त्यांनी आखाडा सोडला नाही. त्याच आखाड्यात तिसरा माणूस उतरवला, बस्स. पण त्या एका माणसाने सगळी गणितं बदलतात. एकाशी लढताना पाठीमागून दुसरा येतो, दोघं भांडत असताना तुम्ही बाजूला थांबून संधी साधू शकता, आणि दोन्ही बाजूंना एकदम पाय टाकून दोघांनाही लोळवणारी एक चाल आहे, ती जमली की खुर्चीवरून उठावंसं वाटतं. वर रॉब हबर्ड यांचं संगीत. मॅक्लीन २०२२ च्या डिसेंबरमध्ये गेले, तेव्हा मी ती संध्याकाळ 'आयके प्लस' खेळत घालवली.

दुसरं उदाहरण पॅलेस सॉफ्टवेअरच्या 'बार्बेरियन'चं. १९८७ चा पहिला भाग म्हणजे समोरासमोर तलवारी, आणि एका घावात मुंडकं उडवणारी ती कुप्रसिद्ध चाल. १९८८ चा दुसरा भाग 'द डंजन ऑफ ड्रॅक्स'. त्यातही भटकणं आलं, राक्षस आले, समोरासमोरची जुंपणी गेली. तो 'फिस्ट २' पेक्षा चपळ आहे आणि त्यातले प्राणी बघण्यासारखे आहेत, पण दोन मित्रांमधली खुन्नस तिथेही हरवलीच.

बीमने पुढे चूक सुधारली का?

दोनदा प्रयत्न केला. १९८८ चा 'एक्सप्लोडिंग फिस्ट प्लस', फायरबर्ड या प्रकाशकाने आणलेला. आखाड्यात परत आले, तीन लढवय्ये घेऊन. पण तोवर 'आयके प्लस' येऊन वर्ष झालं होतं, आणि जी वाट 'फिस्ट'ने घातली तिच्यावर 'फिस्ट'च मागून चालताना दिसला.

दुसरा प्रयत्न मला फार मोलाचा वाटतो. तोही १९८८ चाच, बीमचा आणि फायरबर्डचाच. 'सामुराई वॉरियर: द बॅटल्स ऑफ उसागी योजिम्बो'. स्टॅन साकाई यांच्या कॉमिकमधला ससा सामुराई, वाटेने चालत जातो, माणसं भेटतात, कधी लढाई होते. म्हणजे 'फिस्ट २' चीच कल्पना! पण इथे तलवार म्यानात असताना तुमच्या चाली वेगळ्या आणि उपसल्यावर वेगळ्या. चालणारा माणूस आणि लढणारा माणूस यांना वेगवेगळे हात दिले. वाटेत भेटलेल्याला वाकून नमस्कार करता येतो, गरिबाला पैसे देता येतात, आणि त्यातून पुण्य वाढतं. निरपराध माणसावर तलवार उपसली तर ते घटतं, आणि फारच घटलं तर नायक स्वतःच स्वतःचा जीव घेतो. त्यामुळे समोरून कुणी येताना दिसलं की पहिला प्रश्न पडतो, हा कोण? लढू की वाकू? नुसत्या चालण्यालाही धार येते. 'फिस्ट २' खेळून निराश झालेल्या प्रत्येकाला मी हा गेम हातात देतो.

हे गेम त्या काळी आपल्याकडे खेळता येत होते का?

यातली काही मशीनं इथे होती. स्पेक्ट्रम प्लस परवाना घेऊन भारतात 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने विकला गेला, डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सकडून. आणि १९८४ मध्ये शाळांसाठी सुरू झालेल्या 'क्लास' या सरकारी प्रकल्पात बीबीसी मायक्रो आले. त्यामुळे आपल्यातल्या काहींनी कॉम्प्युटरचा कीबोर्ड पहिल्यांदा पाहिला तो याच घराण्यातल्या मशीनवर. कमोडोर मात्र बहुतेकांना परदेशातून आलेल्या काका-मामांकडेच दिसायचा.

आज खेळायचा तर कसा?

कमोडोरसाठी 'व्हाइस', स्पेक्ट्रमसाठी 'फ्यूज' हे इम्युलेटर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुन्या मशीनची नक्कल करणारे प्रोग्राम, मोफत आहेत. तीन गोष्टी लक्षात ठेवा. कॅसेटची फाइल असेल तर लोड होताना वार्प मोड (इम्युलेटर भरधाव पळवणारी सोय) लावा, नाहीतर खऱ्या कॅसेटइतकी वाट पाहावी लागेल. माणूस हललाच नाही तर जॉयस्टिकचा पोर्ट १ आणि पोर्ट २ अदलाबदल करून बघा, कमोडोरवर हे नेहमीचं आहे. आणि शक्य असेल तर कीबोर्डवर खेळू नका. सोळापैकी आठ चाली तिरक्या दिशांच्या आहेत. कीबोर्डवर दोन बाण आणि बटण एकदम दाबताना बोटं अडतात, चुकीची लाथ बसते आणि गेमला उगाच दोष दिला जातो. जुन्या धर्तीची, बुडाला बटण असलेली काठी मिळाली तर उत्तम, नाहीतर आठ दिशांचा चांगला पॅड चालेल.

कोणत्या क्रमाने खेळू?

आधी पहिला 'फिस्ट', आणि तो कुणाला तरी शेजारी बसवून. निदान दोन-तीन संध्याकाळी. मग 'आयके प्लस'. मग 'सामुराई वॉरियर'. 'फिस्ट २' सगळ्यात शेवटी, कानाला हेडफोन लावून, सरदारापर्यंत पोहोचायचा हट्ट न धरता.

मला 'फिस्ट २' मनापासून आवडतो. माझं चुकतंय का?

अजिबात नाही. पहिला भाग न खेळता जे थेट यात उतरले, त्यांच्यातल्या काहींना तो फार प्रिय आहे, आणि त्यांच्याशी बोलल्यावर मी पुन्हा एकदा तो लावला होता. जंगल तितकंच सुंदर वाटलं. पहिला निंजा आला तेव्हा मी सवयीने त्याच्या मागे नजर टाकली, पंच कुठे बसलाय ते बघायला.